हेतू आणि कृत्य : साष्टीच्या इतिहासातून एक धडा

मित्रहो, फार वर्षांपूर्वी आमच्या एका संपात, कामावर निघालेल्या एका गरीब मजुराची सायकल आमच्याच पोरांनी मोडली. “हेतू चांगला होता” असे म्हणून मी त्यांची बाजू घेतली. पुढे त्या शब्दाने माझी झोप घालवली, आणि त्याचा शोध घेता घेता माझ्यासारखा शाळा अर्धवट सोडलेला माणूस कॅथलिक धर्मशास्त्रापर्यंत जाऊन पोहोचला.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा मोठा खल केला आहे. कृत्य तोलताना ते तीन गोष्टी पाहतात : मुळात कृत्य कोणते, त्यामागील हेतू कोणता आणि परिस्थिती कशी. तिन्ही चांगल्या असतील तरच कृत्य चांगले. एक बिघडली की सारे बिघडले. मिरवण्यासाठी केलेले दान हे पुण्य नव्हे, आणि दान करण्यासाठी केलेली चोरी ही चोरीच. ज्यांनी श्रद्धा कधी स्वीकारलीच नाही त्यांच्यावर ती बळाने लादू नये, हेही त्यांनीच सांगितले. कारण श्रद्धा ही इच्छेची बाब आहे.

आता हाच तराजू घेऊन आपल्या शेजारच्या गोव्यात जाऊ. पोर्तुगीज अमलात 1567 मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. हेतू सांगितला गेला आत्म्यांच्या उद्धाराचा. 1583 च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट धर्मगुरूंना व त्यांच्या सोबत्यांना ठार मारले. मग राज्यकर्त्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची हत्या केली. यांपैकी प्रत्येकाला आपला हेतू शुद्धच वाटत असणार!

याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट वावरत होता. तो 1579 मध्ये गोव्यात आला. धर्मप्रसार हाच त्याचाही हेतू. परंतु त्याने लोकांची भाषा आत्मसात केली आणि मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये छापले गेले. हेतू एक, कृत्ये दोन! अर्थात त्याच्या ओवीमागेही तीच राजसत्ता उभी होती आणि श्रोता पुरता मोकळा नव्हता. म्हणजे परिस्थितीचे तिसरे माप त्यालाही चुकत नाही.

धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी जाहीर केले. तराजू घरचाच होता. पण त्यात स्वतःला तोलायला शतके लागली.

आपण तरी कोणते निराळे? ती सायकल आम्ही वर्गणी काढून दुरुस्त करून दिली. पण त्या मजुराची माफी मागायला मला दोन वर्षे लागली. तो एवढेच म्हणाला, “दादा, तुमचा हेतू मला कुठं दिसत होता? मला मोडलेली सायकल दिसत होती.” हेतू अवश्य पाहावा, मित्रहो, पण ज्याने घाव सोसला, त्याला आधी विचारावे.