निवृत्त कोस्ट गार्ड जहाजांची दुसरी नोकरी

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी काहींनी सॅन डिएगो, होनोलुलू किंवा चार्ल्सटनच्या बंदरात कोस्ट गार्डची पांढरी, तिरका लाल पट्टा असलेली जहाजे पाहिली असतील. चाळीस-पन्नास वर्षे सेवा झाल्यावर ती जातात कुठे? सगळीच भंगारात जात नाहीत. काही जहाजे नाव आणि रंग बदलून दुसऱ्या देशाच्या नौदलात रुजू होतात. त्याविषयी आम्ही येथे थोडक्यात माहिती देत आहोत.

कोणती जहाजे?
हॅमिल्टन वर्गाची १२ जहाजे १९६७ ते १९७२ या काळात सेवेत आली. प्रत्येकाची लांबी ३७८ फूट. त्यांच्या जागी नवी जहाजे आल्यावर २०११ पासून ती एकेक करून निवृत्त झाली.

कोणाला मिळाली?
फिलिपिन्स, नायजेरिया, बांगलादेश आणि श्रीलंका यांच्या नौदलांना, तसेच व्हिएतनामच्या तटरक्षक दलाला. ‘हॅमिल्टन’ मार्च २०११ मध्ये निवृत्त झाले आणि मे महिन्यात फिलिपिन्सचे ‘ग्रेगोरिओ देल पिलार’ झाले. ‘जार्विस’ २०१३ साली बांगलादेशाचे ‘समुद्र जय’ झाले, तर ‘शर्मन’ २०१८ साली श्रीलंकेचे ‘गजबाहू’. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून गस्त घालणारे ‘मॉर्गेन्थाऊ’ २०१७ साली त्याच व्हिएतनामला देण्यात आले!

व्यवहार कसा होतो?
१९६१ च्या परराष्ट्र साहाय्य कायद्यानुसार ‘जादा संरक्षण साहित्य’ म्हणून जहाज देता येते. ते आहे त्या स्थितीत मिळते. दुरुस्ती, खलाशांचे प्रशिक्षण आणि पुढची देखभाल यांचा भार मुख्यतः घेणाऱ्या देशावर असतो. काही शस्त्रे आधीच काढून घेतली जातात. ‘हॅमिल्टन’वरची ‘फॅलॅन्क्स’ तोफ अशीच उतरवली होती.

फुकटचे खरेच फुकट असते का?
नाही. या जहाजांत डिझेल इंजिनांबरोबर गॅस टर्बाइनही आहेत. वेग चांगला मिळतो, पण इंधन फार लागते आणि जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळवणे कठीण जाते. तरीही मोठा समुद्र आणि लहान तिजोरी असलेल्या देशाला नवे जहाज बांधून होईपर्यंत थांबणे परवडत नाही.

परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना फिलिपिन्सच्या ‘रामोन अल्काराझ’ची हकिकत जवळची वाटेल. हे पूर्वीचे ‘डॅलस’. २०२० च्या सुरुवातीला आखातात तणाव वाढला, तेव्हा तिथल्या फिलिपिनो कामगारांना गरज पडल्यास परत आणता यावे म्हणून ते ओमानकडे पाठवले गेले. परतताना मे महिन्यात कोचीजवळ त्याला आग लागली आणि दुरुस्तीसाठी कोचीलाच परतावे लागले. जुन्या जहाजाचा उपयोग आणि जोखीम, दोन्ही एकाच सफरीत दिसले.

आणि भारत?
भारतही अशी जहाजे देतो. आपल्या तटरक्षक दलाचे ‘वराह’ २००६ साली श्रीलंकेच्या नौदलाला भाडेपट्ट्याने दिले गेले आणि ‘सागर’ झाले. ते ज्या विक्रम वर्गाचे, त्या वर्गाची जहाजे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आणि गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली. तेव्हा मंडळी, कोलंबोच्या बंदरात एखादे जुने जहाज दिसले, तर ते आपल्याच किनाऱ्यावर बांधलेले असू शकते!