बेवारस प्रेत ते देहदान

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय विद्यार्थ्यास प्रथम वर्षी मानवी देहाचे विच्छेदन करून शरीररचना शिकावी लागते. त्या मेजावरील देह कोणाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आम्हांस तो इतिहासाचा प्रश्न वाटतो.

प्राचीन भारतास विच्छेदन अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवावे व मग एकेक थर खरवडून पाहावा, अशी रीत सांगितली आहे. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाने राजगृहाच्या श्रेष्ठीची कवटी उघडून शस्त्रक्रिया केल्याची कथा येते. पुढे ही परंपरा खंडित झाली. प्रेतस्पर्शाचा विटाळ त्यास बऱ्याच अंशी कारण झाला, असे आमचे मत आहे. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ते त्या काळी मोठे धाडस मानले गेले. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन करणारे भाऊ दाजी ते हेच.

मात्र या विद्येसाठी देह आले ते गरिबांचे. इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्याने अनाथगृहांत मरणाऱ्या, कोणी मागणी न केलेल्या माणसांचे देह विच्छेदनासाठी मिळू लागले. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्यातही मुख्य आधार बेवारस प्रेताचाच आहे. रुग्णालयात वा रस्त्यावर मेलेल्या ज्या माणसास ठरलेल्या मुदतीत कोणी नातेवाईक मागत नाही, त्याचा देह महाविद्यालयास देता येतो. त्याला जिवंतपणी कोणी विचारलेले नसते.

बेवारस प्रेत हा शब्द आपल्या समाजास जुना ओळखीचा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, ज्यास आप्त नाहीत त्याचे प्रेत चांडाळांनी उचलावे आणि मृतांची वस्त्रे नेसावी, अशी आज्ञा आहे. गावगाड्यात महाराने सरणाची लाकडे आणावी, मृत्यूचा सांगावा गावोगाव पोहोचवावा, मेलेली गुरे ओढावी, हा त्याच व्यवस्थेचा विस्तार होय. ज्यांना प्रेताशी बांधले, त्यांनाच प्रेतामुळे अस्पृश्य ठरविले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले व १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. ही वतने नष्ट करणारा कायदा व्हावयास मात्र १९५८ साल उजाडले.

म्हणूनच उपासकाने स्वतःहून, लेखी इच्छापत्राने देह देणे ही साधी घटना नव्हे. प्रेताशी आलेला सक्तीचा संबंध येथे संमतीचा होतो. धम्मात यास आधार शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. सतिपट्ठान सुत्तात भिक्खूस स्मशानातील देहाच्या नऊ अवस्था पाहून आपला देहही याच स्वभावाचा आहे, असे जाणावयास सांगितले आहे. नेत्र देणाऱ्या शिबी राजाची जातककथा तर सर्वपरिचित आहे. थायलंडमध्ये विद्यार्थी दान आलेल्या देहास ‘आचान याई’, म्हणजे महागुरू म्हणतात आणि अभ्यास संपल्यावर भिक्खूंच्या उपस्थितीत त्याचे दहन करतात. आपल्या महाविद्यालयांनी हा आदर अवश्य उचलावा. परंतु गरीब रुग्णाच्या घरच्यांना दुःखाच्या क्षणी गळ घालून मिळविलेला देह दान ठरत नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

व्यवहारात इच्छापत्र भरले की काम झाले, असे नाही. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकाने नकार दिल्यास संस्था देह स्वीकारत नाही. न्यायवैद्यकीय शवचिकित्सा झालेला अथवा संसर्गजन्य रोगाने गेलेला देहही बहुधा नाकारला जातो. नेत्रदान मात्र आधी करता येते. मृत्यूचा दाखला घेऊन काही तासांतच देह पोहोचवावा लागतो, म्हणून त्रिसरण-पंचशील व परित्राणपाठ घरीच उरकावा लागतो. पुण्यानुमोदन व जलदान विधी नेहमीप्रमाणे करता येतो. अस्थी त्या दिवसापर्यंत हाती येणार नाहीत, एवढे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना इच्छापत्र भरतानाच सांगावे. स्मशानातून रिकाम्या हाताने परतणेही त्यांच्या वाट्यास येत नाही, आणि विरोध बहुतेक वेळा तेथूनच सुरू होतो.