भार, बेअर आणि बडदास्त

इंग्रजी 'बेअर' या क्रियापदाचे अर्थ म्हणजे ओझे वाहणे, सोसणे, मूल प्रसवणे, झाडाला फळ येणे. मूळ अर्थ भार उचलून धरणे हाच असावा. गर्भ हाही भारच, तेव्हा 'बर्थ' आणि 'बॉर्न' याच कुळातले. 'जन्मलेला' आणि 'वाहिलेला' यांची रूपे आज एका अक्षराने वेगळी लिहितात, पण ही वाटणी अठराव्या शतकात पक्की झालेली दिसते. त्याआधी दोहोंचे शब्दरूप एकच.

जुन्या इंग्रजीतले रूप 'बेरन', आणि संस्कृतातला त्याचा सख्खा भाऊ 'भृ', भरति. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जे ध्वनिनियम मांडले, त्यांत मुळातला भ जर्मानिक भाषांत ब होतो. ग्रीक-लॅटिनमध्ये त्याच जागी फ दिसतो, म्हणून दोन्हींकडे 'फेरो'. 'ट्रान्सफर' लॅटिनकडून आला, 'मेटाफर' ग्रीककडून. संस्कृताने मात्र वाहण्यावरून पोसण्याकडे मोर्चा वळवला. पोसतो तो भर्ता, जिला पोसायचे ती भार्या, ज्याला पोसायचे तो भृत्य. घरातली सगळी नाती एका ओझ्यावर तोललेली!

मराठीत ही धातू 'भरणे' होऊन आली आणि तिचा मूळ अर्थ जवळजवळ पुसला गेला. आपण घागर भरतो, पैसे भरतो. शाळा भरते, बाजार भरतो, हुडहुडी भरते. तरीही 'विहिरीवरून पाणी भरणे' यात आणणे-वाहणे अजून शिल्लक आहे असे वाटते, आणि बाळाला घास 'भरवणे' यात ते जुने पोषण. मग वाहण्याचे काम कोणी घेतले? 'वह्' धातूने. आणि गंमत अशी की हीच धातू इंग्रजीतही आहे. तिथे ती 'वे' झाली आणि वजन करण्याच्या कामी लागली. नांगर उचलण्याच्या खलाशी वाक्प्रयोगात तिचा जुना अर्थ तेवढा उरला. म्हणजे दोन्ही भाषांना दोन्ही धातू वारशाने मिळाल्या. इंग्रजीने वाहण्यासाठी पहिली ठेवली, आपण दुसरी. मला या कुळातली ही सर्वांत सुरेख अदलाबदल वाटते. पुढे फ्रेंचांकडून आलेल्या 'कॅरी'ने 'बेअर'चे रोजचे काम बळकावले, ही गोष्ट वेगळी.

फार्सीतही 'भ'चा 'ब' झाला, त्यामुळे तिथला 'बार' म्हणजे आपला भारच. मार्केट यार्डातले 'बारदान' हे भार ठेवण्याचे साधन. 'पैगंबर'मधला 'बर' निरोप वाहून आणणारा. 'बारगीर' म्हणजे मुळात ओझे घेणारे जनावर. मराठी फौजेत मात्र सरकारी घोड्यावरचा स्वार, स्वतःचे घोडे आणणाऱ्या शिलेदाराहून वेगळा. अर्थ घोड्यावरून स्वारावर सरकला असावा. हाच शब्द १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांबरोबर बंगालात पोचला आणि तिथे 'बर्गी' झाला. बंगाली अंगाईगीतात तो आजही मुलांना भीती घालतो.

मग पाहुण्यांची 'बडदास्त' याच घराण्यातली का? हिंदीत 'बर्दाश्त' म्हणजे सोसणे, मराठीत सरबराई. एका शब्दाचे सोसणे आणि सांभाळणे असे दोन फाटे, अगदी 'बेअर' आणि 'भृ'सारखेच. त्यामुळे मोह अनावर होतो. पण फार्सी 'बरदाश्तन' हा जोडशब्द आहे. त्यातला 'दाश्तन' संस्कृत 'धृ'चा, धारण करण्याचा, आणि 'बर' म्हणजे वर, जुन्या फार्सीत 'उपरिय्'. संस्कृत 'उपरि'पासून मराठीतला 'वर' आला, तेव्हा बडदास्तीतला 'बड' भाराचा कोणी नव्हे. तो आपल्या 'वर'चा भाऊबंद. 'निशाणबरदार'मधला 'बर'ही तोच.