नगरचैतन्याचे मोजमाप : प्रत्यक्ष निरीक्षणापासून यंत्र-अध्ययनापर्यंत

प्रस्तावना

एकाच शहरातील एक रस्ता सकाळपासून रात्रीपर्यंत गजबजलेला असतो, तर दुसरा भरदिवसाही ओस पडलेला दिसतो. नगरअभ्यासक या भेदाचा विचार ‘नगरचैतन्य’ या संकल्पनेच्या आधारे करतात. विसाव्या शतकात हे चैतन्य प्रामुख्याने प्रत्यक्ष निरीक्षणातून टिपले गेले. एकविसाव्या शतकात ते संगणकीय माहिती आणि यंत्र-अध्ययन यांच्या साहाय्याने मोजले जाऊ लागले. या स्थित्यंतराचा परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

निरीक्षणाची परंपरा

‘नियोजनापूर्वी सर्वेक्षण’ हे सूत्र पॅट्रिक गेडिस यांनी आग्रहाने मांडले. १९१४ मध्ये ते भारतात आले. १९१८ मध्ये त्यांचा इंदूर दरबारासाठीचा नगरविकास-अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९१९ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाची धुरा वाहिली. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी मोजकी घरे हलवून तिला मोकळा श्वास द्यावा, हा त्यांचा आग्रह गल्लीबोळांतून पायी फिरून केलेल्या पाहणीवर आधारलेला होता.

१९६१ मध्ये जेन जेकब्स यांनी अमेरिकेतील महानगरांच्या ऱ्हासाची मीमांसा करताना चैतन्याच्या चार अटी सांगितल्या : वापरांची सरमिसळ, लहान गृहखंड, विविध वयाच्या इमारती आणि पुरेशी दाट वस्ती. न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेजचे दैनंदिन जीवन हा त्यांच्या प्रतिपादनाचा एक प्रमुख आधार होता. शहर हा ‘संघटित गुंतागुंतीचा’ प्रश्न असून केवळ सरासरीच्या आकड्यांनी तो सुटणार नाही, असेही त्यांनी बजावले. पुढे विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधील चौकांचे चित्रीकरण करून माणसे कोठे बसतात, कोठे थांबतात याच्या नोंदी घेतल्या व १९८० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

संगणकीय पर्व

२००७ मध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यू ही सेवा सुरू झाली आणि रस्त्यांच्या छायाचित्रांचा अफाट साठा अभ्यासकांना उपलब्ध झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील ‘प्लेस पल्स’ प्रकल्पात स्वयंसेवकांना दोन छायाचित्रे दाखवून कोणती जागा अधिक सुरक्षित, चैतन्यपूर्ण वा सुंदर वाटते, असे विचारले गेले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ५६ शहरांतील १,१०,९८८ छायाचित्रे होती. या उत्तरांवरून संगणकाला नव्या दृश्यांबाबत मानवी पसंतीचा अंदाज बांधण्यास शिकविण्यात आले. याच धर्तीवर अमेरिकेतील पाच शहरांच्या २००७ व २०१४ मधील छायाचित्रांची तुलना करणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसंख्येची घनता आणि महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण यांचा परिसराच्या भौतिक सुधारणेशी संबंध असल्याचे त्यात आढळले.

२०१६ मध्ये रोम, मिलान आदी सहा इटालियन शहरांत मोबाइल वापराच्या नोंदींवरून जेकब्स यांच्या अटी तपासल्या गेल्या आणि त्या बऱ्याच अंशी खऱ्या ठरल्या. आकडेवारीवर विसंबणाऱ्या नियोजनावर ज्यांनी टीका केली, त्यांच्याच सिद्धान्ताला आकडेवारीने पुष्टी द्यावी, ही बाब लक्षणीय आहे. मात्र त्यात विसंगती नाही. जेकब्स यांचा विरोध सरासरीला होता. नवी साधने गृहखंडागणिक फरक दाखवू शकतात.

मर्यादा

तथापि यंत्र जे पाहते तेवढेच मोजते. मोबाइल नसलेली व्यक्ती त्याच्या हिशेबात येत नाही. छायाचित्र एका क्षणाचे असते. सकाळची भाजीमंडई आणि रात्रीचा खाऊगल्लीतील वर्दळ-काळ त्यात एकत्र सामावत नाहीत. शिवाय ‘सुंदर’ व ‘सुरक्षित’ यांविषयीचे उत्तरदात्यांचे पूर्वग्रह यंत्रातही उतरतात. एखाद्या वस्तीला कमी गुण मिळाले आणि त्याच आधारे ती पाडण्याचा निर्णय झाला, तर गेडिस यांनी ज्याला विरोध केला तेच नव्या साधनांनिशी घडेल. २०२२ मध्ये मुंबई, पुणे व नाशिकसह दहा भारतीय शहरांत स्ट्रीट व्ह्यू उपलब्ध झाल्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रालाही लागू होतो.

निष्कर्ष

यंत्र-अध्ययनामुळे निरीक्षणाचा आवाका वाढला. निरीक्षणाची गरज संपलेली नाही. छायाचित्रांचे हे साठे उद्याच्या इतिहासकारांसाठी मोलाची साधने ठरतील. मात्र गुणांकामागील माणसे कोण, ती तेथे का जमतात आणि ती हटविल्यास काय गमावले जाईल, या प्रश्नांच्या उत्तरासाठी अभ्यासकाला रस्त्यावर उतरावेच लागेल.