टाकाऊ लहरींचे मोल

घरातले संगणक बिनतारी जोडणे आज स्वस्त पडते, याचे एक मूळ १९८५ सालच्या अमेरिकेत सापडते. २.४ गिगाहर्ट्झजवळचा वारंवारतेचा पट्टा तेव्हा टाकाऊ मानला जाई, कारण तिथे मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा गोंगाट असे. तेथील दूरसंचार आयोगाने तो विनापरवाना संदेशवहनास खुला केला. अट अशी, की शक्ती मर्यादित ठेवावी आणि संदेश रुंद पट्ट्यात पसरवावा. मग थोडा भाग गोंगाटात बुडाला तरी उरलेल्यावरून संदेश जुळवता येतो. १९९७ साली सर्व उत्पादकांसाठी समान मानक ठरले. आजचे वाय-फाय त्यावरच उभे आहे. स्पर्धा वाढली, किमती उतरल्या. भारताने हा पट्टा २००५ साली परवानामुक्त केला. फुकटच्या या वाटेवर हक्क मात्र कोणाचाच नाही. शेजाऱ्याच्या यंत्राचा अडथळा सोसूनच आपले काम चालवावे लागते.