चांदीपुऱ्याचा विषाणू आणि उंदराची पिले

श्रोतेहो, चिखला म्हटले की मँगनीजची खाण डोळ्यांपुढे येते. तुमसर तालुक्यातल्या या गावी माणसे पाळीपाळीने जमिनीखाली उतरतात आणि खनिज वर येते. ही खाण ध्यानात असू द्या, पुढे तिचे काम पडणार आहे. आजची हकीकत मात्र खनिजाची नाही. आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्याचे नाव जगभरच्या वैद्यकग्रंथांत कसे गेले, त्याची ती आहे.

१९६५ साली नागपूर भागात तापाची मोठी साथ आली. ती चिकुनगुन्या आणि डेंग्यूची होती. १९५२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात रोग्यांचे रक्त तपासले गेले, तेव्हा दोघांच्या रक्तात तिसराच विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ साली त्याची माहिती छापली. नाव दिले गावाचे: चांदीपुरा. पुढे १९७० साली औरंगाबादकडच्या वाळूमाशीतही तो मिळाला. पण ते दोन रोगी तापाचे होते. साध्या तापाच्या विषाणूची धास्ती कोण घेणार? बरीच वर्षे तो अभ्यासकांच्या कपाटातच राहिला म्हणा ना.

मग २००३ साल उजाडले. आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. सकाळी खेळणारे मूल, अंगात सणसणून ताप, झटके, शुद्ध हरपणे, आणि एकदोन दिवसांत सारे संपले. तपासात चांदीपुराच निघाला. २००७ साली हे संकट आपल्याच नागपूर विभागात आले. मेंदूज्वराचे ७८ रोगी इस्पितळांत दाखल झाले, त्यांतले ३४ वाचले नाहीत. ज्यांच्या रक्ताची वगैरे तपासणी झाली, त्यांतल्या पुष्कळांत हाच विषाणू होता.

आता तुम्ही विचाराल, तापाचा विषाणू असा जीवघेणा कसा झाला? तो बदलला काय? जुन्या आणि नव्या विषाणूंची प्रथिने ताडून पाहिली गेली. फरक आढळले, पण थोडेच. तेव्हा सगळा दोष बदलावर टाकून चालत नाही.

गुरुजी, वर्गात सांगायला सोपे आहे. हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. कुत्रे पिसाळते त्या रोगाच्या विषाणूचे हेच कूळ. त्याच्याजवळ फक्त पाच प्रथिने असतात. एक बाहेरच्या अंगाला काट्यांसारखे असते. पेशीला चिकटून आत शिरायची किल्ली म्हणजे हे प्रथिन. तीन प्रथिने विषाणूचा वारसा जपतात आणि त्याच्या नकला काढतात. पाचवे आहे आवरणाच्या आतल्या बाजूचे. त्याचा खोडसाळपणा त्याच्या एका चुलतभावात चांगला उमगला आहे. तो चुलतभाऊ अमेरिकेत गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणतो, आपल्याकडच्या लाळ्या-खुरकतासारखे.

आता खाण आठवा. पेशीच्या केंद्रात हुकूम तयार होतात, ते बाहेर आले म्हणजे पेशी आपले काम करते, शत्रू आला तर आरोळी ठोकते. हे पाचवे प्रथिन खाणीच्या तोंडाशीच अडसर घालते. हुकूम आत अडकतात, आरोळी उमटत नाही, आणि विषाणूला रान मोकळे होते. प्रयोगशाळेत या प्रथिनाच्या साखळीतला एकच दुवा, एक्कावन्नावा, बदलला. अडसर ढिला पडला. मूळ विषाणूने उंदीर मरत, या बदललेल्याने रोग फार सौम्य झाला. एका दुव्याने एवढा फरक!

पण अर्धी गोष्ट विषाणूची, अर्धी शरीराची. चांदीपुऱ्याचा विषाणू उंदराच्या तान्ह्या पिलांना टोचला, तर कोठेही टोचा, ती मरतात. वाढलेल्या उंदराला अंगात टोचला तर तो तगतो. मेंदूत टोचला तर मात्र तोही मरतो. म्हणजे मोठ्या उंदराचा मेंदू काही अभेद्य नव्हे, वाटेतला पहारा मजबूत असतो इतकेच. आपल्याकडे अनेक मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडतात, म्हणजे त्यांची पूर्वी गाठ पडलेली. मुलांची नसते. पण उंदराची तर कोणाचीच गाठ पडलेली नव्हती, तरी थोरला तगला! म्हणून केवळ पूर्वओळख नव्हे, वयही मोजावे लागते, असे मला वाटते. २०१३ साली मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी दाखवले, की पिलांच्या मेंदूतल्या पेशींत स्वतःलाच संपवण्याची जी यंत्रणा असते, तिचाच खटका हा विषाणू दाबतो. मारेकरी बाहेरचा, सुरी घरातली.

मग त्या किल्लीचे काय? पुण्याच्याच केंद्राने, १९७८ पासून ज्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतात, तिने काट्यांचे प्रथिन वेगळे बनवून उंदरांना लस म्हणून टोचले. २००९ साली ते काम प्रसिद्ध झाले. नंतर थेट मेंदूत विषाणू घातला, तरी बहुतेक उंदीर वाचले. पण उंदराची लस म्हणजे मुलाची लस नव्हे. माणसांसाठी ती अद्याप आलेली नाही, खास औषधही नाही. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये व आसपास मेंदूज्वराचे २४५ रोगी नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले. ६४ जणांत चांदीपुरा नक्की ठरला.

इस्पितळात झटके थांबवणे, श्वास सांभाळणे, मेंदूची सूज उतरवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते, आणि त्यालाही वेळ थोडा. तापाच्या मुलाला झटका आला, ते भ्रमले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री गाडी जुंपा, मिळेल ते वाहन करा. वाळूमाशी डासाहून लहान, अंधार पडला की चावणारी. फार उंच उडत नाही, बुटक्या उड्या मारते. दिवसा ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत बसते. भिंती लिंपताना जमिनीलगतचा हातभर पट्टा आधी घ्या.