वंशवृक्ष आणि विवेक

आंतरजालावर घरबसल्या वंशवृक्ष जुळविण्याची हौस आज वाढली आहे. हौस स्तुत्य खरी. परंतु केवळ नामसादृश्यावरून नाते ठरविणे किती धोक्याचे, हे बडोद्याच्या गायकवाड घराण्याकडे पाहिले म्हणजे कळते. या घराण्यात दमाजी दोन झाले. पहिले १७२१ मध्ये वारले. त्यांचे पुतणे पिलाजीराव १७३२ मध्ये डाकोर येथे मारले गेले, आणि पिलाजीरावांचे पुत्र ते दुसरे दमाजी. ते १७६८ मध्ये निवर्तले. सन न पाहणारा संशोधक या दोघांस सहज एकच मानील.

दत्तकविधानाने गुंता आणखी वाढतो. २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचे पुत्र गोपाळराव यांस दत्तक घेतले. तेच महाराज सयाजीराव. जनक पिता काशीराव, दत्तक पिता खंडेराव. पुरुष एक, नावे दोन, आणि दोन्ही खरी!

म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक नावापुढे सन, गाव व आधार लिहावा, तीर्थोपाध्यायांच्या वहीशी तो ताडून पाहावा, आणि मेळ न बसल्यास जागा रिकामी सोडावी. श्राद्धाच्या संकल्पात ज्यांचा उच्चार करावयाचा, ते पितर अंदाजाने ठरविणे आम्हांस उचित वाटत नाही.